घोड्याचं हृदय ठोका गाळतं तेव्हा

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं, अंगावरचे भोवरे बघतं. तिथल्या एखाद्या उमद्या घोड्याच्या डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा. लब्-डब्, लब्-डब्, लब्-डब्... आणि मग काहीच नाही! तीनेक सेकंद शांतता. घोडा मात्र निवांत चारा चघळतोय.

साडेचारशे किलोच्या घोड्याचं हृदय चारेक किलोचं. उभ्या घोड्यात ते मिनिटाला जेमतेम 30–40 ठोके देतं. चौखूर उधळला की 200 च्या पुढे! एवढी ताकद असताना विश्रांतीत तिचं करायचं काय? मेंदूकडून येणारी व्हेगस नस तिला आवर घालते. इतका, की मधूनच एखादा ठोका वरच्या कप्प्यांतून खाली उतरतच नाही. कान देऊन ऐका, त्या शांततेतही वरच्या कप्प्यांचा पुसट आवाज येतो. हुकूम निघाला, पण पोचला नाही! घोडा थोडा दौडवा, ठोके पुन्हा सलग. हा आजार नव्हेच.

खरा बिघाड वेगळा. त्यात वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, एकदिलानं आकसतच नाहीत, नुसते थरथरतात. लेझमीच्या पथकातली हलगी बंद पडावी आणि प्रत्येकानं आपापला ठेका धरावा, तसं. लंडनच्या थॉमस लुईस यांनी 1911–12 च्या सुमारास घोड्याचं अलिंद असं थरथरताना डोळ्यांनी पाहिलं, आणि माणसातल्या बेताल नाडीचं मूळही तेच असल्याचं दाखवलं. घोड्यातच हे इतकं का? त्याचे अलिंद मोठे. भरकटलेल्या विद्युतलहरींना फिरायला ऐसपैस जागा!

आणि गंमत बघा, उभ्या घोड्याला याचा पत्ताही नसतो. दोन ठोक्यांत वेळ भरपूर, खालचे कप्पे आपसूक भरतात. पण भरधाव दौडीत सेकंदाला तीन-चार ठोके! तिथे अलिंदाचा शेवटचा रेटा लागतोच, आणि तोच नाही. हृदय आणखी धावतं, आणखी कमी भरतं. शर्यतीच्या अखेरीस घोडा ढेपाळतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात!

सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडीन किंवा विजेचा नेमका झटका यांनी ताल परत आणता येतो. बाकी हृदय निरोगी असेल तर बहुतेक घोडे पुन्हा पळतातही. तेव्हा पळणारा घोडा अचानक मागे पडू लागला तर चाबूक उचलू नका. पशुवैद्याला बोलवा, आणि ठोके उभ्यानं व दौडीनंतर, दोन्ही वेळा ऐकायला सांगा.