मेंढ्या घेताय? आधी वही उघडा!

मेंढी पारखायला जाणकार माणूस सोबत नेला जातो. पण तिच्याबरोबर येणारे कागद कोण पारखणार? पहिल्याच खरेदीत घरची पुंजी बुडू नये, असे वाटत असेल तर हे जरूर वाचा.

शहराच्या धकाधकीला कंटाळलेल्या माणसाला मातीची ओढ लागते. नोकरी-व्यवसायासाठी बेंगळुरूत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. कनकपुरा, मागडी, दोड्डबळ्ळापूर या बाजूला एखादा एकर घ्यायचा, चार झाडे लावायची आणि जोडीला दहा-वीस मेंढ्या ठेवायच्या, असा बेत मग घराघरात शिजू लागतो.

बेत वाईट नाही. मेंढीला मोठा गोठा लागत नाही, रोज धार काढण्याची दगदग नसते आणि मटणाला गिऱ्हाईक बारा महिने असते. अडचण वेगळीच आहे. फ्रिज घेताना गॅरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का मारून घेणारी माणसे हजारो रुपयांची जनावरे मात्र नुसत्या शब्दावर घेतात. ‘तरुण आहे, गाभण आहे, सगळ्या लसी झाल्यात,’ असे विकणारा सांगतो. महिन्याभरात मेंढी आजारी पडली की त्याने काय सांगितले होते, याचा कुठलाच पुरावा हाती नसतो.

नाव बन्नूरचे, मेंढी कुणाची?

बेंगळुरूकराला मेंढी म्हटले की पहिले नाव आठवते ते बन्नूरचे. मंड्या या नावानेही ओळखली जाणारी ही जात मंड्या जिल्ह्यातील मळवळ्ळी, मद्दूर आणि आसपासच्या भागातली. मळवळ्ळी तालुक्यातल्या किरुगावलूचा मेंढीबाजार तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. बुटका बांधा, बिनशिंगी डोके आणि मागून पाहिल्यास इंग्रजी ‘यू’ अक्षर उलटे ठेवल्यासारखा दिसणारा भरदार मागचा भाग, ही तिची ओळख. तिच्या चवदार मटणाला दर चांगला मिळतो, म्हणूनच संकरित किंवा दुसऱ्याच मेंढ्या ‘बन्नूर’ म्हणून खपवल्या जातात.

सवय नसलेल्या डोळ्याला हा फरक कळणे अवघड. अशा वेळी आई-बापाची नोंद ठेवणाऱ्या कळपातूनच खरेदी करावी किंवा पशुवैद्याला सोबत न्यावे. हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि कर्नाटक मेंढी व लोकर विकास महामंडळ बेंगळुरूतच आहे. पैसे मोजण्यापूर्वी तिथे चौकशी करायला एक दिवस गेला तरी हरकत नाही.

काही गुण तर जाणकाराच्या डोळ्यालाही दिसत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी, बंगालची गारोळ, बन्नूर अशा मेंढ्यांच्या संकरातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. एका वेळी जुळी कोकरे होण्याचे प्रमाण वाढवणारे जनुक तिच्यात असते. पण ते एखाद्या मेंढीत आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीतूनच समजते. म्हणजे जुळ्यांच्या आशेने जास्त किंमत मोजायची, तर तपासणीचा अहवाल हातात हवाच.

पावतीवर काय असावे?

बाजारात मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा नग आणि रक्कम एवढेच असते. तेवढ्यावर थांबू नका. साध्या कागदावर तारीख, विकणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि फोन नंबर लिहून घ्या. खाली प्रत्येक मेंढीसाठी एक ओळ : कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, नर की मादी, रंग आणि खुणा, दात, वजन आणि किंमत. शेवटी दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्या, म्हणजे त्याचीही नोंद राहते.

दातांची नोंद म्हणजे मेंढीचा जन्मदाखलाच. दुधाचे दात असलेली मेंढी साधारण वर्षाच्या आतली असते. दोन दाती एक ते दीड वर्षाची, चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती तीनच्या आणि आठ दाती चारच्या पुढची. ‘तरुण आहे’ या शब्दांपेक्षा ‘चार दाती’ असे लिहिलेले केव्हाही चांगले. मेंढी गाभण असल्याचे सांगितले असेल, तर किती महिन्यांची तेही लिहून घ्या. मेंढीचे गाभणपण सुमारे पाच महिन्यांचे असते. त्यावरून विण्याचा दिवस काढता येतो आणि थाप असेल तर तीही उघडी पडते.

कागद कन्नडमध्ये असेल तर लाजू नका, वाचून घ्या. ‘कुरी’ म्हणजे मेंढी, ‘टगरू’ म्हणजे मेंढा आणि ‘मेके’ म्हणजे शेळी, एवढे तरी ठाऊक असावे.

बिल्ला आणि लसीची नोंद

जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक म्हणजे त्याची सरकारी ओळख. ‘भारत पशुधन’ या संगणकीय नोंदवहीत त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव आणि लसींची माहिती असते. खरेदीनंतर दवाखान्यात जाऊन मालक म्हणून आपले नाव लावून घ्या. मेंढीच्या कानात बिल्ला नसेल तर तो मारून घ्या.

लस कोणती आणि कोणत्या तारखेला टोचली, हे विचारा. पीपीआर, आंत्रविषार, देवी आणि लाळ्या-खुरकूत ही नावे लक्षात ठेवा. दक्षिणेत पावसाळ्यात आणि त्यानंतर बारीक चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या नीलजिव्हा रोगाचीही धास्ती असते. पीपीआरच्या लसीचा असर सुमारे तीन वर्षे टिकतो, तर लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. तारीखच माहीत नसेल, तर पुढची लस कधी द्यायची हे डॉक्टर तरी कसे सांगणार?

लस आणि चिकाटीने ठेवलेली नोंद काय करू शकते, याचा दाखला हेब्बाळमध्येच आहे. तिथली लसनिर्मिती संस्था १९२५ मध्ये गुरांच्या बुळकांडी रोगाशी लढण्यासाठी सुरू झाली. गावोगाव लसीकरण आणि रोगाच्या नोंदी झाल्या, भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

गाडीत चढवण्यापूर्वी

फलटण किंवा बागलकोटकडून मेंढ्या आणणार असाल, तर १९७८ चे जनावर वाहतूक नियम लागू होतात. सहा तासांहून जास्त प्रवास असेल, तर मेंढ्या निरोगी आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला सोबत असावा लागतो. पाठवणारा व घेणारा यांची नावे-पत्ते आणि मेंढ्यांची संख्या लाल अक्षरांत लिहिलेली चिठ्ठीही लावावी लागते. साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसहून जास्त मेंढ्या भरता येत नाहीत. किरुगावलू-बेंगळुरूसारखा प्रवास कमी वेळाचा असला, तरी दाखला घेतलेला बरा. कारण आजाराला अंतराचे बंधन नसते.

ब्रिटनने हा धडा फार महागात शिकला. २००१ च्या फेब्रुवारीत तिथे लाळ्या-खुरकूत उघडकीला आला, तेव्हा बाजारातून इकडे-तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो दूरवर पोहोचलाही होता. मेंढीत या रोगाची लक्षणे पुसट दिसतात, त्यामुळे कुणाला संशय आला नव्हता. साथ आवरण्यासाठी साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. आज तिथे एक मेंढी पाळायची असली, तरी आधी जागेचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि मेंढी कुठून आली, कुठे गेली ते लिहून ठेवावे लागते.

घरची वही

मेंढ्या घरी आल्या की त्यांना निदान तीन आठवडे वेगळे ठेवा. याच काळात वही सुरू करा. ज्या घरात दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर न चुकता लिहिले जातात, त्या घराला हे अवघड नाही. मेंढीला एक पान द्या. त्यावर बिल्ला, खरेदी, लस, जंतनाशक, नर दाखवल्याची तारीख, विण्याची तारीख, कोकरांची संख्या, आजार आणि शेवटी विक्री किंवा मृत्यू.

कोकराच्या पानावर आई आणि बाप दोघांचे क्रमांक हवेत. ते नसतील तर दोन वर्षांनी तोच नर स्वतःच्याच लेकींना दाखवला जातो आणि कोकरे दुबळी निपजू लागतात. नोंद असेल तर नर कधी बदलायचा हे वही पाहूनच समजते. कोणती मेंढी दरवर्षी कोकरू जगवते आणि कोणती नुसती खाते, हेही वहीच सांगते.

विमा, अनुदान आणि कर

विम्याचा दावा बिल्ल्यावर उभा असतो. मेंढी दगावली तर बिल्ला कापून फेकू नका, डॉक्टरांना बोलवून शवविच्छेदनाचा अहवाल घ्या. केंद्राने २०२४ मध्ये पशुविम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. कर्नाटकाच्या ‘अनुग्रह’ योजनेत मृत शेळ्या-मेंढ्यांसाठी भरपाई मिळते. दोन्हींत मृत्यूचा पुरावा लागतो.

मोठा विचार असेल, तर २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या व ५ नरांपासून पुढच्या प्रकल्पांना ५० टक्के अनुदानाची तरतूद झाली. १०० माद्यांसाठी त्याची मर्यादा १० लाख, तर ५०० माद्या व २५ नरांसाठी ५० लाख रुपये. प्रकल्पाचा अहवाल, जमिनीचे कागद आणि बँकेची मंजुरी यांवाचून अर्ज पुढे सरकत नाही.

शिवाय मेंढीपालनाचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त नसते, ते धंद्याचे उत्पन्न मानले जाते. नोकरदारांनी चारा, औषधे आणि विक्रीच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात, म्हणजे विवरणपत्र भरताना धावपळ होणार नाही.

तेव्हा बाजाराला निघताना पिशवीत पैशांबरोबर एक दोनशे पानी वही आणि पेन जरूर ठेवा. विकणारा ‘लिहायची काय गरज?’ म्हणून हसला तर हसू द्या. जो सही करायला तयार होईल, त्याच्याचकडून मेंढी घ्या.