चौकोनी भोकाभोवतीची अक्षरं

इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एकछत्री केला, तेव्हाच्या तांब्याच्या नाण्यावर दोनच अक्षरं होती : ‘बानलिआंग’, अर्धा लिआंग. ना राजा, ना साल, निव्वळ वजन. इ.स.पू. ११८ मध्ये हान सम्राट वू याने पाच झू वजनाचं ‘वूझू’ काढलं. हीच दोन अक्षरं पुढच्या अनेक राजवटींनी सातशेहून अधिक वर्षं चालवली. आपली ‘श्री राजा शिव’ शिवराई पेशवाईतही पडत राहिली, त्यातलाच प्रकार. त्यामुळे वूझूचा काळ अक्षरांच्या वळणावरून आणि कडेवरून ताडावा लागतो.

६२१ मध्ये थांग राजवटीने वजनाचा उल्लेखच काढून टाकला. ‘खाययुआन थोंगबाओ’ ही चार अक्षरं ओयांग शुन या नामवंत सुलेखनकाराची. नवखे फसतात ते इथेच. खाययुआन नावाचा राजशक ७१३ मध्ये सुरू झाला. नाणं त्याच्या ९२ वर्षं आधीचं आहे!

वाचायला खरी मजा सोंग काळातली. राजशकाचं नाव नाण्यावर घालायची रीत तेव्हा पक्की रुळली. सम्राट वारंवार राजशक बदलत, म्हणून काळ काही वर्षांच्या टप्प्यात पकडता येतो. एकच मजकूर वेगवेगळ्या लिप्यांत ओतला जाई. ‘दागुआन थोंगबाओ’वर सम्राट हुइझोंगचं किरकोळ, धारदार अक्षर आहे; माझ्या मते त्याहून देखणं चिनी नाणं नाही. ११८० पासून तर पाठीमागे राजशकातल्या वर्षाचा आकडाही येऊ लागला. मात्र १६५९ पासून नागासाकीत व्यापारासाठी सोंगकालीन ‘युआनफेंग’ची नक्कल ओतली गेली. मजकूर अकराव्या शतकातला, नाणं सतराव्यातलं.

मिंग-छिंग काळात साधारण एका सम्राटाला एकच राजशक राहिला. सोय झाली, पण छिएनलोंगचा राजशक तब्बल साठ वर्षांचा! तिथे नुसतं नाव वाचून भागत नाही. नाणं उलटायचं, मागे मांचू लिपीत टांकसाळीचं नाव असतं. १८८९ मध्ये ग्वांगदोंगमध्ये यंत्रावर नाणी पडू लागली आणि ओतकाम मागे पडत गेलं.

वाचायचा क्रम बहुधा वर, खाली, उजवं, डावं. काही सोंग नाणी मात्र घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वाचावी लागतात. विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या सालावर विसंबू नका. पाठ बघा, वजन करा, मग भाव बोला.