कॅन्सरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात 'गुठळी' निघाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका

म्हसावद (ता. शहादा) : आतड्याच्या कॅन्सरचा पेशंट. तीन केमो झाल्या. आजार किती आटोक्यात आला हे बघायला डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. म्हसावद, शहादा, तळोदा भागातल्या अनेकांना कॅन्सरच्या उपचारासाठी नाशिक, सुरत नाहीतर थेट मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठावं लागतं. स्कॅन होतो, रिपोर्ट पिशवीत जातो आणि "पुढच्या तारखेला दाखवू" म्हणत घरचे परतीची गाडी पकडतात. पण त्या रिपोर्टमध्ये 'पल्मोनरी एम्बोलिझम' असे शब्द असतील, तर तारखेपर्यंत थांबणं महागात पडू शकतं. या शब्दांचा अर्थ, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली आहे.

गुठळी म्हणजे गाठ नव्हे

इथे पहिला घोटाळा शब्दाचा होतो. 'फुप्फुसात गुठळी' ऐकलं की घरच्यांना वाटतं, कॅन्सर फुप्फुसात पसरला. आता काही उरलं नाही. तसं नाही. गाठ मांसाची असते, गुठळी गोठलेल्या रक्ताची. गुठळी निघाली म्हणून कॅन्सर पसरला असं होत नाही, आणि गुठळीवर वेगळा उपचार आहे.

ही येते कुठून?

बहुतेक वेळा गुठळी पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत तयार होते, तिथून सुटते आणि हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकते. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. आर्मां त्रुसो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६५ मध्येच हा संबंध मांडला होता. त्यात केमो, ऑपरेशन, शिरेत बसवलेली नळी, अंथरुणाला खिळून राहणं आणि उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी होणं यांची भर पडते. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस, अंडाशय आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये धोका जास्त. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे पेशंटही बरेच आहेत. त्या आजारातही गुठळ्या होतात, म्हणून घरात सिकलसेल असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना ते जरूर सांगावं.

त्रास नाही, मग औषध कशाला?

स्कॅन कॅन्सर बघायला केलेला असतो. गुठळी योगायोगाने दिसते. कॅन्सर पेशंटच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये साधारण १०० पैकी १ ते ५ जणांत ती सापडते. "पेशंट तर चालतो-फिरतो," असं घरचे म्हणतात. पण नीट विचारलं, की जिना चढताना दम लागतो, थकवा वाढलाय, हे बऱ्याचदा निघतं. तो त्रास केमोच्या नावावर खपून गेलेला असतो.

अशी गुठळी सोडून दिली तर दुसरी येऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून त्रास देणाऱ्या गुठळीसारखाच हिच्यावरही उपचार करतात: रक्त पातळ ठेवणारं औषध, साधारण तीन ते सहा महिने, आणि कॅन्सर किंवा केमो चालू असेल तर पुढेही. फुप्फुसाच्या अगदी बारीक फांदीत एकच गुठळी असेल, तर डॉक्टर पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून निर्णय घेतात.

सुई की गोळी?

हेपारिन गटातलं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली घेतात. शिकवलं तर घरीही देता येतं. अपिक्साबॅन, रिवारोक्साबॅनसारख्या गोळ्याही आहेत. मात्र जठर, आतडं किंवा लघवीच्या मार्गाच्या कॅन्सरमध्ये गोळ्यांनी रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते, तिथे बऱ्याचदा सुईच बरी. योगायोगाने गुठळी सापडलेल्या ६९५ कॅन्सर पेशंटचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांवर उपचार चालू असूनही वर्षभरात सुमारे ६ टक्के लोकांना पुन्हा गुठळी झाली आणि जवळपास तेवढ्याच लोकांना मोठा रक्तस्राव झाला. म्हणजे औषध न घेणं धोक्याचं, तसं मनाने घेणंही धोक्याचं.

घरच्यांनी काय करावं

- रिपोर्ट हातात येताच 'एम्बोलिझम' किंवा 'थ्रॉम्बस' शब्द आहे का बघा. इंग्रजी वाचणारं घरात कुणी नसेल तर जवळच्या दवाखान्यात दाखवा. शब्द असेल तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.
- एक पाय सुजला, दुखतो, गरम लागतो? तेल लावून चोळू नका. डॉक्टरांना दाखवा.
- रक्त पातळ करणारं औषध चालू असताना अंगदुखीसाठी कमरेत सुई घेऊ नका. दुखण्याची गोळी किंवा झाडपाला घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- औषध संपायच्या आत पुढचं आणा. बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.
- काळी शौच, लघवीतून रक्त, डोक्याला मार किंवा न थांबणारं नाकातलं रक्त, यात लगेच दवाखाना गाठा.
- अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर येऊन पडणं, यात थांबू नका. १०८ ला फोन करा.

मोठ्या शहरातून परत निघण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "रिपोर्टमध्ये आजच औषध सुरू करावं असं काही आहे का?" गाडी एखादा तास उशिरा पकडली तरी चालेल.