जुना संगणक घेताय? आधी त्याची मोजणी पाहा



मुलांच्या अभ्यासाला म्हणा, सातबारा काढायला म्हणा, जुना संगणक घेण्यासाठी तुमच्यापैकी कोणी ना कोणी यंदा नागपूरची एसटी धरणारच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, त्यामुळे अनेकांनी जुनी यंत्रे बदलायला काढली आहेत. स्वस्तात मिळाले तर जरूर घ्या. पण आमची फजिती आधी ऐका.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्हीही सीताबर्डीहून असाच एक संगणक आणला. चाल गाभण म्हशीची! दुकानदार म्हणाला, "भाऊ, रॅम वाढवा, पळेल." आम्ही ८ जीबीची नवी पट्टी बसवून घेतली. घरी येऊन पाहतो तर पडद्यावर लिहिलेले: बसवलेली मेमरी ८ जीबी, वापरता येण्याजोगी ३.२५ जीबी. निम्म्याहून जास्त पैसा पाण्यात!

पट्टी खोटी नव्हती. दोष मोजणीचा होता. रॅम म्हणजे लहान लहान खणांची लांबच लांब रांग समजा. जमिनीला जसा गट क्रमांक, तसा प्रत्येक खणाला क्रमांक लागतो. ज्याला क्रमांक नाही, तो खण यंत्राच्या दप्तरी नाहीच. आमच्या संगणकावरची विंडोज होती ३२ बिटांची. म्हणजे क्रमांक लिहायला ३२ घरे, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक होतात, एकही जास्त नाही. तेच झाले ४ जीबी. शिवाय लेआउटमध्ये रस्त्यासाठी जागा सोडावी लागते, तसे काही क्रमांक पडद्याच्या कार्डाला व इतर भागांना द्यावे लागतात. म्हणून हाती सव्वातीन.

तसे पाहिले तर इंटेलने १९९५ मध्येच पेंटियम प्रोमध्ये ३६ घरांची सोय केली होती. तिने ६४ जीबीपर्यंत पोचता येते, आणि लिनक्सने ती वापरलीही. पण घरगुती ३२ बिट विंडोज चारवरच थांबली, कारण जोड-उपकरणे चालवणारी बरीच सॉफ्टवेअर त्या मोठ्या क्रमांकांना अडखळत.

६४ बिटांत क्रमांकांचा तुटवडा नाही. तिथे धुरा घालते ती कंपनी! ६४ बिटांच्याच विंडोज ७ मध्ये होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२. विंडोज १० होमला १२८. आपल्या घरच्या कामाला याची चिंता नको.

मग दुकानात काय पाहायचे? संगणक सुरू करायला लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथे अबाउट उघडा. प्रणाली ६४ बिट असेल तर उत्तम. ३२ बिट दिसली, पण प्रोसेसर एक्स-६४ लिहिलेला असला, तरी यंत्र सोडू नका; त्यावर ६४ बिटांची विंडोज नव्याने चढवता येते. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येते, पण जुन्या यंत्रावर ती चढेलच असे नाही. प्रोसेसरच ३२ बिटांचा निघाला तर मात्र सरळ पुढच्या दुकानात जा.

आणि रॅम घेताना जुनी पट्टी खिशात घालून न्या. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. मदरबोर्डाचीही स्वतःची मर्यादा असते, तीही विचारा. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव असे भडकले की चुकीची पट्टी घेणे कुणालाच परवडणारे नाही.

आमचे काम पुढे भाच्याने केले. एका रविवारी आला, ६४ बिटांची विंडोज चढवली, आणि त्याच पट्टीवर यंत्र पळू लागले. संत्र्याच्या बागेचे दोन वर्षांचे फोटो मात्र गेले. डिस्क पुसण्याआधी ते पेन ड्राइव्हवर उतरवायला हवे होते, हे त्याने सांगितले, पण नंतर.