दुनळीवरचं नाव सोडा, पोट बघा

जुनी विलायती दुनळी हातात आली की आधी तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब आणि बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहायचं. ‘भरलेली नाहीये’ या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

आता नळ्या उतरवून खालचा सपाट भाग बघा. खरी कुंडली तिथे असते. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड म्हणजे बर्मिंगहॅमची चाचणी, साधारण १८१३ ते १९०४. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द कोरलेले असतील तर काळ १८७५ ते १८८७. लंबगोलात ‘ईएलजी’ दिसलं तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची, मग वर नाव कितीही इंग्रजी असो! ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ वाचून नामवंत इंग्रज कंपनी ‘वेस्टली रिचर्ड्स’चे पैसे मोजणारे कमी नाहीत.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी म्हणजे दमास्कस. बहुतेक दमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. जाणकार बंदूकसाजाने तपासल्याशिवाय त्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे बोटं गमावायची तयारी.

किंमत टिकते मूळ रंग-रूपावर. पॉलिश मारून चकचकीत केलीत, की संग्राहक पाठ फिरवतो. आणि हो, चालू स्थितीतली आजोबांची दुनळीसुद्धा आपल्याकडे परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही.