रिमोटच्या पोटातली किल्ली

वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा पाहून आणि कृष्णेच्या घाटावरील ती वसईच्या विजयात हाती आलेली पोर्तुगीज घंटा डोळे भरून न्याहाळून आम्ही परतलो, तो मोटारीचे दार काही केल्या उघडेना. रिमोटचे बटण मी आधी सौम्यपणे, मग निकराने, आणि अखेरीस ज्या आवेशाने माणूस बहिऱ्या नातलगाशी बोलतो त्या आवेशाने दाबून पाहिले. पण मोटारीने डोळाही मिचकावला नाही. शेजारी कणसे भाजीत बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा हा प्रयोग बराच वेळ शांतपणे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "काका, त्याच्या पोटातली किल्ली काढा की!"

तीन वर्षे जी वस्तू मी खिशात वागवीत होतो, तिच्या पोटात किल्ली आहे ही इत्तला मला एका कणीसवाल्याकडून मिळावी, याची लाज वाटण्यासही त्या वेळी सवड नव्हती. रिमोटच्या पाठीशी किंवा कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवून धरला आणि टोकाचे कडे ओढले, म्हणजे आतून धातूचे चपटे पाते बाहेर येते. पाते हाती आले तरी भोक कोठे आहे हा प्रश्न उरतोच, कारण अलीकडच्या पुष्कळ मोटारींत चालकाच्या दाराचे कुलूप मुठीशेजारच्या एका टोपणाखाली दडविलेले असते, आणि त्या टोपणाच्या खालच्या अंगाला असलेल्या बारीक फटीत पात्याचे टोक घालून ते अलगद उचकटावे लागते. शेजारच्या दाराला बहुधा भोकच नसते. शिवाय या किल्लीने अनेकदा चालकाचे एकच दार उघडते. बाकीची मंडळी बाहेर ताटकळत राहतात, आणि त्यांना आतून हात लांबवून दारे उघडून द्यावी लागतात.

दार उघडताच मोटारीने जो आकांत मांडला तो सबंध घाटाने ऐकला असावा. धन्याने रिमोटने लावलेले दार कोणी धातूच्या किल्लीने उघडू लागला, तर तो चोर असण्याचा संभव अधिक, असा या पहारेकऱ्याचा हिशेब असतो. आणि पहारेकऱ्याच्या जागी बसून पाहिले तर तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या मोटारींत असा बंदोबस्त आहे, त्यांत खरी किल्ली ओळखून इंजिनाचा विद्युत्प्रवाह सुरू झाला की भोंगा सहसा आपोआप थांबतो. म्हणून अशा वेळी भांबावून पुन्हा बाहेर न पडता थेट आसनावर जाऊन बसावे.

पण पात्याचा अधिकार दारापुरताच असतो, ही या प्रकरणातली मुख्य गोष्ट. दाराचे कुलूप दातांची ठेवण पाहते. इंजिनाचे कुलूप मात्र सांकेतिक क्रमांक मागते. युरोपात १९९८ सालापासून नव्या मोटारींना हा दुसरा पहारा सक्तीचा झाला, आणि पुढे तो आपल्याकडच्या मोटारींतही रुळला. हा क्रमांक किल्लीतल्या एका चिमुकल्या चकतीत कोरलेला असतो, आणि त्या चकतीला स्वतःचा सेल लागतच नाही. दूरवर हाक मारणारे रिमोटचे बटण आपल्याकडे साधारणतः ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालते व त्यासाठी सेल खर्ची घालते. उलट ही चकती मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्याने निर्माण केलेल्या, बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या, चुंबकीय क्षेत्रातूनच आपल्यापुरती वीज उसनी घेते, आणि तेवढ्या बळावर आपला क्रमांक सांगून मोकळी होते. मात्र हे कर्ज अगदी जवळच्या सावकाराकडूनच मिळते. अंतर काही सेंटिमीटर झाले की व्यवहार बंद. म्हणूनच बटणाने सुरू होणाऱ्या पुष्कळ मोटारींत ब्रेक दाबून रिमोट त्या बटणालाच टेकवून धरावा लागतो, तर काहींत त्यासाठी कप ठेवण्याच्या जागेत किंवा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी एक राखीव ठिकाण असते. आपल्या मोटारीत ते कोठे आहे, हे तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ती पुस्तिका बहुतेकांच्या मोटारीतच, म्हणजे नेमकी बंद दाराआड असते.

मी रिमोट बटणाला टेकवला, आणि इंजिन निमूटपणे सुरू झाले.

मोटारीची मोठी बॅटरीच बसली असेल, तर मात्र या युक्तीचा उपयोग नाही. तेव्हा दार उघडूनही आतला दिवा लागत नाही, यावरून ते ओळखू येते. तरीही पात्याची किंमत कमी होत नाही, कारण बोनेट उघडण्याचा खटका आत असतो आणि जम्पर केबल जोडण्यास आधी तिथवर पोहोचावे लागते.

वाईच्या बाजारातील घड्याळजींनी रिमोट उघडून सेल बदलून दिला. सेलवरचा सीआर २०३२ हा आकडा मला आजवर गूढ वाटत असे. त्यांनी तो सहज उलगडून सांगितला, की पहिले दोन अंक म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, आणि पुढचे दोन म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. जुना सेल मात्र त्यांनी माझ्या हाती न देता डबीत टाकला. घरी लहान मूल असेल तर तो गिळण्याची भीती, आणि गिळला तर अन्ननलिका जळते, असे ते म्हणाले. जाताना त्यांनी आणखी एक सल्ला दिला, की महिन्यातून एकदा तरी दार त्या पात्याने उघडीत जा, नाहीतर धूळ आणि दमट हवा मिळून कुलूप असे धरते की ऐन वेळी पाते पिळवटून मोडायचे.

घरी पोहोचल्यावर मी कपाटातला दुसरा रिमोट काढला, जो मोटार घेतल्या दिवसापासून डबीतच होता, आणि खिडकीतून मोटारीकडे रोखून त्याचे बटण दाबले. तोही मुकाच निघाला.