तोंडातला पांढरा थर

5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांबद्दल एक छोटीशी नोंद छापून आली. पाचही जणांना एरवी क्वचितच दिसणारा न्यूमोनिया झाला होता. एड्सची ही पहिली वैद्यकीय नोंद. तिच्यातल्या आणखी एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. पाचही जणांना कॅन्डिडा या बुरशीचाही संसर्ग झालेला होता.

ही बुरशी कुठून बाहेरून येते असं नाही. अनेक धडधाकट माणसांच्या तोंडात ती गुपचूप असतेच. शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरते. एचआयव्ही हा विषाणू नेमका त्याच शक्तीवर, सीडी-4 पेशींवर घाला घालतो. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी 200 च्या खाली उतरल्या, की बुरशीला रान मोकळं मिळतं.

मग गालाच्या आतल्या बाजूला, टाळूवर, जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. डॉक्टर गॉजच्या तुकड्याने ते हलकेच पुसतात. थर निघून येतो आणि खाली लालभडक, हुळहुळी त्वचा दिसते. कधी रक्ताचा थेंबही येतो. थर पुसून निघत नसेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. कधी पांढरं काहीच दिसत नाही, नुसती टाळू लाल होते किंवा ओठांचे कोपरे चिरतात. तोंडाची चव जाते, आमटीचा घोटही झोंबतो.

तोंड आलं की आपल्याकडे जाईचा पाला चघळायचा, नाहीतर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या. साध्या तोंड येण्याला ते ठीक, पण या बुरशीवर त्याचा उपयोग नाही, आणि त्यात मोलाचे दिवस वाया जातात. असा थर दिसला म्हणजे एचआयव्हीच, असंही कुणी धरून चालू नये. तान्ही बाळं, मधुमेही, कवळी लावणारे, दम्याचा पंप घेणारे यांनाही तो येतो. मात्र तरुण माणसाला काही कारण नसताना तो येत असेल, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यायलाच हवी.

उपचार अवघड नाही. आजार सौम्य असेल तर क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिन तोंडातच लावतात. बहुतेकांना फ्लुकोनाझोलची रोज 100 ते 200 मिलिग्रॅमची गोळी सात ते चौदा दिवस पुरते. घास गिळताना छातीत दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरल्याची शक्यता असते. त्या वेळी मलम लावून भागत नाही, दोन ते तीन आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं. गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, फ्लुकोनाझोल शक्यतो टाळतात. क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे त्याचा असर कमी होतो. म्हणून ही गोळी दुकानातून मनाने आणू नये.

दोन दिवसांत बरं वाटलं की गोळी सोडायची आणि थर आला की पुन्हा घ्यायची, ही सवय फार घातक आहे. अशाने बुरशी औषधाला दाद देईनाशी होते. बुरशी येऊच नये म्हणून सगळ्यांनाच सरसकट गोळ्या चालू ठेवत नाहीत, त्यामागेही हे एक कारण आहे.

खरा प्रतिबंध एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचा. विषाणू दबला की सीडी-4 वाढतात आणि बुरशी पुन्हा आवाक्यात येते. एआरटी घेत असतानाही थर वारंवार परतत असेल, तर गोळ्या चुकताहेत का, की औषध लागू पडेनासं झालंय, हे बघायला हवं. विषाणूचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीतून ते कळतं. बाकीची काळजी घरचीच: मऊ ब्रशने दात घासणं, कवळी रात्री काढून स्वच्छ करणं, पंप घेतल्यावर चूळ भरणं, तंबाखू सोडणं. तोंड दुखत असेल तोवर कोमट पेज, मऊ भात, बिनतिखटाचं वरण.

सरकारी केंद्रांतून एआरटी 2004 पासून मोफत मिळते, आणि 2017 पासून सीडी-4 कितीही असले तरी लगेच सुरू करतात. कुठे जायचं हे 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येतं. शेजारीपाजारी कळेल या धास्तीने कितीतरी जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला मनाई केली आहे आणि दवाखान्यात भेदभाव करायलाही. तोंड तपासून घ्यायला आलेल्या माणसाला हे तिथल्या कर्मचाऱ्यांनीच आधी सांगायला हवं.